"काहीच नाही" वालं टेन्शन: रोजचा ताण पकडायचा कसा आणि उतरवायचा कसा

दोन वर्षांपूर्वी दाढ दुखत होती म्हणून डेंटिस्टकडे गेले होते. डॉक्टरांनी आरसा तोंडात घालून बघितलं, इकडून तिकडून टकटक केलं आणि विचारलं, "रात्री झोपेत दात खाता का हो?" मी म्हटलं नाही बुवा, मला तर कधी जाणवलं नाही. तर म्हणाले कीड वगैरे काही नाहीये, पण मागच्या दाढांची टोकं घासून पार सपाट झालीयेत, जबडा आवळून झोपताय तुम्ही. आणि मग सहज विचारल्यासारखं, "सध्या काही टेन्शन?" मी लगेच, "छे छे, काहीच नाही." खुर्चीतून उठताना बघते तर मांडीवरच्या पर्सचा पट्टा असा काही आवळून धरला होता की बोटांची टोकं पांढरी पडलेली.

तर हे जे "काहीच नाही" वालं टेन्शन असतं ना, त्याच्याबद्दल हे सगळं आहे. मोठं काही घडलं की ते सगळ्यांना दिसतं, आपल्यालाही कळतं की आता आपण हललोय, लोक विचारपूस करतात, रजा मिळते. पण किल्ली सापडत नाहीये, चार जणांना फोन करायचे राहिलेत, कुणीतरी मेसेज वाचून गप्प बसलंय, नळ गळतोय आणि दुरुस्त करणारा "उद्या येतो" म्हणतोय त्याला आठवडा झाला, याला कोण रजा देणार? आणि पोखरतं हेच जास्त. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोघांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला ताणाचे मार्क दिले होते, जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०, इतकंच काय सुट्टीवर जायलासुद्धा १३ (सगळ्यांच्या बॅगा जी भरते तिला विचारा, १३ कमीच आहेत). मग १९८१ मध्ये ॲलन कॅनर, रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट बाजूने बघितलं, ११७ किरकोळ कटकटींची यादी केली, वस्तू हरवणं, कामं साचणं असलं सगळं, आणि त्यांना दिसलं की माणसाच्या मनाची तब्येत कशी असेल याचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या बारीकसारीक कटकटींवरूनच जास्त चांगला येतो.

का पोखरतं ते एकदा समजून घेतलं की पुढचे उपाय नुसते उपदेश वाटत नाहीत, म्हणून थोडक्यात सांगते. धोका दिसला की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं, वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने हे १९१५ च्या सुमारास मांडलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोप्यांसारख्या दोन ग्रंथी बसलेल्या असतात, त्या ॲड्रेनलिन सोडतात, हृदय जोरात पळतं, श्वास उथळ आणि भरभर होतो, स्नायू ताठ होतात, पचन बाजूला ठेवलं जातं कारण आत्ता जीव वाचवायचाय, जेवण नंतर. थोड्या वेळाने कॉर्टिसोल येतं आणि साखर रक्तात सोडून इंधन पुरवत राहतं. व्यवस्था झकास आहे, फक्त ती वाघासाठी केलेली आहे आणि आपल्याकडे वाघाऐवजी "जरा बोलायचं होतं, फ्री झालीस की फोन कर" असा मेसेज येतो. शरीराला फरक कळत नाही. वाघ असता तर आपण पळालो असतो, दमलो असतो आणि विषय संपला असता. मेसेज वाचून आपण खुर्चीतच बसून राहतो, सगळं इंधन अंगात तसंच, आणि ते पुरतं उतरायच्या आत दुसरा मेसेज येतो.

आधी पकडायचा कसा

"मला ताण आहे का?" असं स्वतःला विचारू नका, उत्तर नाहीच येतं. मी डेंटिस्टच्या खुर्चीत जे दिलं तेच. त्याऐवजी "कुठे आहे?" असं विचारा. आत्ता हे वाचताना बघा, वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेत का? टेकायला नको असतात. चावताना आणि गिळताना सोडलं तर दातांमध्ये थोडीशी फट असते, ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल. आता खांदे बघा, कानांच्या दिशेने वर चढलेत का? पोट आत ओढून धरलंय का? श्वास चालू आहे का, म्हणजे गंमत नाही, मी स्क्रीनवर काही नकोसं वाचत असले की श्वास चक्क धरून ठेवते आणि मला ते अर्धं पान झाल्यावर कळतं. हात-पाय गार पडणं हाही त्यातलाच प्रकार, कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आक्रसतात म्हणून.

प्रत्येकाची एक ठरलेली जागा असते. कुणाचं डोकं दुखायला लागतं, कुणाच्या पोटात गोळा येतो, कुणाला सारखं बाथरूमला जावं लागतं, कुणाची मान आखडते. माझा जबडा. तुमची जागा एकदा सापडली की अर्धं काम झालं, कारण डोकं "मी ठीक आहे" म्हणत असताना ती जागा आधीच बोंबलत असते.

शरीर नसेल पकडता येत तर वागणं बघा. तीच ओळ तीन वेळा वाचतोय. फ्रिज उघडून का उघडला ते आठवत नाही. कपाटाचं दार लावत नाही, आपटतो. बाहेरच्यांशी गोड आणि घरच्यांवर खेकसतो. साधा प्रश्न, "जेवायला काय करूया", आणि आपल्याला वाटतं हाही निर्णय मीच घ्यायचा का. बोलण्यात "नेहमी", "कधीच", "प्रत्येक वेळी मीच" असे शब्द वाढतात. रात्री पडल्या पडल्या झोप लागते पण पहाटे तीनला टक्क जाग येते आणि डोक्यात मीटिंग सुरू.

आणि सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे घरातल्या लहान मुलाला विचारा. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, शेजारी बसून चित्र रंगवत होती आणि मान वर न करता म्हणाली, "आई, तू परत हुश्श केलंस." मी म्हटलं कधी? म्हणाली, "आत्ता. आणि मगाशी पण. सात झाले." ती मोजत होती!

एक आठवडा एवढंच करा, कागदावर किंवा फोनमध्ये तीन शब्दांची नोंद: वेळ, शरीरातली जागा, आणि त्याच्या लगेच आधी काय झालं. भावना लिहू नका, विश्लेषण नको, नाहीतर त्याचाही कंटाळा येतो आणि दुसऱ्या दिवशी वही बंद. "सव्वाअकरा, जबडा, एक्सेल." "सहा, मान, आईचा फोन." मला वाटत होतं माझं टेन्शन ऑफिसचं आहे, आठवड्याने बघितलं तर निम्म्या नोंदी संध्याकाळी सहा ते आठमधल्या, म्हणजे ऑफिस संपून घर सुरू होतं त्या मधल्या पट्ट्यातल्या. आजवर मी भलत्याच ठिकाणी मलम लावत होते.

उतरवायचा कसा: आधी शरीर

लोक पहिली चूक इथेच करतात, मीही केली, की डोक्याला समजवायला बसायचं. "शांत हो, एवढं काही नाही." अंगात ॲड्रेनलिन उसळलेलं असताना हे म्हणजे पळत्या घोड्याला पत्र लिहिण्यासारखं आहे. आधी शरीराला कळू दे की वाघ गेला, डोकं मागोमाग येतं.

सगळ्यात पटकन चालतो तो श्वास, पण लोक म्हणतात तसा "खोल श्वास घ्या" नाही, जास्त आत भरून घेतलं तर उलट गरगरतं. महत्त्वाचा आहे तो बाहेर सोडायचा श्वास. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदय किंचित वेग घेतं आणि सोडतो तेव्हा किंचित मंदावतं, मनगटावर नाडी धरून बसा, बऱ्याच जणांना बोटाला कळतंसुद्धा. व्हेगस नावाची नस आहे, मेंदूकडून छाती-पोटाकडे जाणारी, ती हा ब्रेक लावते. म्हणून सोडायला वेळ जास्त द्यायचा. नाकाने चार आकडे मोजत आत, मग ओठांचा छोटा चंबू करून, जशी गरम कपावर फुंकर घालतो तशी, सहा आकड्यांत बाहेर. सावकाश मोजलं तर मिनिटाला सहाएक श्वास होतात आणि तेवढेच हवेत. पाच मिनिटं जमलं तर उत्तम, लिफ्टमध्ये चार वेळा जमलं तरी चालेल. चक्कर आल्यासारखं वाटलं तर सोडून द्या, नेहमीसारखा श्वास घ्या, काही सिद्ध करायचं नाहीये.

आणि ते मुलीने मोजलेलं हुश्श, ते वाईट नाही बरं का. मी आधी खजील झाले होते, पण नंतर वाचलं की माणूस नकळत साधारण दर पाच मिनिटांनी एक मोठा सुस्कारा टाकतोच, फुप्फुसातल्या मिटत आलेल्या बारीक पिशव्या त्याने पुन्हा फुलतात. ताणात त्यांची संख्या वाढते, म्हणजे शरीर आपल्या परीने इलाज करत असतं. मग मुद्दाम करा ना: नाकाने श्वास घ्या, भरला असं वाटलं की त्यावर अजून एक छोटा घोट, आणि मग तोंडाने लांबलचक सोडा. दोन-तीनदा. बिनआवाजी पण करता येतं, मीटिंगमध्ये कुणाला कळत नाही.

दुसरं म्हणजे स्नायू. "सैल सोड" म्हटलं तर खांद्याला कळत नाही सैल म्हणजे काय, कारण तो सकाळपासून ताठच आहे, त्याला तेच नॉर्मल वाटतंय. एडमंड जेकबसन नावाच्या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात यावर साधी युक्ती काढली, स्नायू आधी मुद्दाम आवळायचा आणि मग सोडायचा, म्हणजे फरक कळतो. रात्री पडल्यावर करा. पायाची बोटं आत वळवून पाच-सात सेकंद आवळा, सोडा, वीसेक सेकंद नुसतं तिथलं जडपण बघा. मग पोटऱ्या (इथे जपून, जोर लावला तर गोळा येतो आणि मग सगळी शांती गेली), मांड्या, पोट, मुठी, खांदे कानापर्यंत, शेवटी चेहरा असा चुरगाळून टाका की कुणी बघितलं तर घाबरेल, आणि सोडा. मी खांद्यांच्या पुढे सहसा जात नाही, झोप लागते. दुखरी जागा असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर तो भाग वगळायचा.

तिसरं, आणि खरं तर सगळ्यात जुनं, ते म्हणजे हला. ते इंधन पळण्यासाठी सोडलं होतं, मग थोडं तरी पळवा. भांडणाचा फोन ठेवला की लगेच दुसऱ्या कामाला बसू नका, दहा मिनिटं भरभर चाला, दोन मजले चढा, पलंगावरच्या चादरी झटका. जोरात. घाम यायलाच हवा असं नाही पण श्वास थोडा वाढू दे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो वेगळा आणि तो करायचाच, पण मी म्हणतेय ते औषधासारखं, लागलं की लगेच घ्यायचं.

मग डोकं

अंग जरा निवलं की मग कामांकडे बघायचं, आणि इथे मला एकच गोष्ट खरोखर उपयोगी पडली: डोक्यातलं कागदावर आणायचं, पण नीट. "इन्शुरन्स" असं लिहिलं तर काही उपयोग नाही, तो शब्द बघूनच परत जबडा आवळतो. "कपाटातल्या निळ्या फाईलमधून पॉलिसी नंबर शोधणे" असं लिहा. म्हणजे हाताने करता येईल अशी पुढची एकच हालचाल. धूसर काम डोक्यात भुणभुणत राहतं, ठरलेलं काम बरंच गप्प बसतं. आणि हे झोपायच्या आधी करा, सकाळी नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला होता, ५७ तरुण मुलं-मुली, निम्म्यांनी झोपण्याआधी पाच मिनिटं झालेल्या कामांबद्दल लिहिलं आणि निम्म्यांनी पुढे करायच्या कामांची यादी केली. यादीवाल्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि ज्यांची यादी जास्त बारकाईची त्यांना अजून लवकर. मला आधी वाटायचं रात्री कामांची यादी केली तर उलट झोप उडेल. नाही उडत, कागद जागा राहतो आपल्याऐवजी.

यादी केल्यावर दिसतं की यातली काही कामं आपली नाहीतच, आपण "बघते, सांगते" म्हणून अंगावर घेतलेली आहेत. हे "बघते, सांगते" म्हणजे ना, मला विचाराल तर रोजच्या ताणाची सगळ्यात मोठी फॅक्टरी. समोरच्याला वाटतं हो आहे, आपल्याला माहितीये नाही आहे, आणि मधले आठ दिवस ते ओझं आपण वाहतो, त्याचा फोन आला की पोटात धस्स, चुकवतो, मग चुकवल्याचं अपराधी वाटतं. नाही म्हणायचं तर लगेच म्हणायचं आणि कारणांची माळ लावायची नाही, कारण प्रत्येक कारणावर समोरचा तोडगा काढतो. "या महिन्यात नाही जमणार मला." बास. फार रुक्ष वाटलं तर जेवढं जमेल तेवढं सांगा, "पूर्ण नाही करता येणार, शनिवारी एक तास बसू शकते." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा फोन ठेवल्यावर हात थरथरत होता माझा, खोटं कशाला सांगू. समोरचा मात्र "बरं बरं" म्हणून दुसऱ्याला फोन लावायला मोकळा.

काही गोष्टी उताऱ्यासारख्या वाटतात आणि नसतात. फोन स्क्रोल करणं, अर्ध्या तासाने उठतो तेव्हा मान जास्त आखडलेली आणि डोक्यात जगभराची भांडणं. संध्याकाळची कॉफी, कॅफिनचं निम्मं प्रमाण उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाची कॉफी अकराला निम्मी शिल्लक. दारू पटकन झोपवते पण नंतरची झोप तुकड्या-तुकड्यांची करते. आणि मन मोकळं करणं, हे ऐकून राग येईल, पण एकाच माणसाला एकदा सांगणं हा उतारा, तीच गोष्ट पाच जणांना पाच वेळा तिखटमीठ लावून सांगणं म्हणजे पाच वेळा नव्याने ताण घेणं. मी तर पाचव्या वेळेला मूळ प्रसंगापेक्षा जास्त चिडलेली असायचे.

दुसरं कुणी टेन्शनमध्ये असेल तर "टेन्शन नको घेऊ" म्हणू नका, कृपा करा. कुणी दुकानातून आणलेलं नसतं. "नुसतं ऐकू का काही सुचवू?" एवढं विचारलं की पुरे.

जिथे हे पुरत नाही

श्वास मोजून कर्ज फिटत नाही, आणि घरात कुणी मारहाण करत असेल किंवा ऑफिसात रोज अपमान होत असेल तर खांदे सैल करून तिथेच बसून राहणं हा इलाज नव्हे. तिथे कारणच हलवावं लागतं, मदत घेऊन, पैशाचा हिशोब मांडून, वेळ लागला तरी. वरचे उपाय फक्त ते करायला अंगात ताकद शिल्लक ठेवतात.

आणि प्रत्येक धडधड म्हणजे टेन्शनच असं धरून चालू नका. थायरॉईड वाढलं, रक्त कमी झालं तरी धडधड आणि थकवा येतोच, तपासून घ्या. छातीत दाब, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जातंय, दम लागतोय, गार घाम फुटलाय, तर श्वासाचे प्रयोग करत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. दोन आठवडे झाले, दिवसातला बराच वेळ मन उदास आहे, आवडीच्या गोष्टीतसुद्धा रस वाटत नाही, झोप-भूक बिघडलीये, तर ते रोजच्या ताणाच्या पुढचं असू शकतं, डॉक्टर किंवा काउन्सेलरकडे जा, दाढ दुखल्यावर जातो तितक्या सहज. जगणं नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांगा, एकटं राहू नका.

माझं म्हणाल तर डेंटिस्टनी तेव्हा रात्री लावायला एक गार्ड करून दिलं, पारदर्शक, दाढांवर बसतं. त्याशिवाय मी फोनच्या चार्जरवर एक लाल स्टिकर चिकटवलाय, तो दिसला की दात सुटे करायचे, खांदे खाली, एक लांब श्वास बाहेर. दिवसातून पाच-सहा वेळा चार्जरकडे हात जातोच. परवा चेकअपला गेले होते तेव्हा डॉक्टरांनी गार्ड उजेडात धरून बघितलं, त्यावर ताज्या खुणा होत्याच, मागच्या महिन्यात ऑफिसात ऑडिट होतं. म्हणाले, "चला, दाढा तरी वाचल्या."